सुटे भाग चालतात, मग यंत्र का अडतं? सॉफ्टवेअरच्या जोडणीचा आणि चाचणीचा इतिहास

समोर इंजिनिअरिंगची मुलं-मुली आहेत, मधल्या रांगांत त्यांचे शिक्षक आहेत, आणि मागे काही ज्येष्ठ मंडळी बसली आहेत. त्यांचा सॉफ्टवेअरशी संबंध मोबाइलपुरता असेल. म्हणून सुरुवात कॉम्प्युटरपासून करत नाही. सुरुवात करतो जलंबपासून.

मुंबई-नागपूर मुख्य मार्गावरचं जलंब स्टेशन तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. तिथून खामगावला जो फाटा येतो, तो 1870 साली सुरू झाला. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते. कशासाठी? कापसासाठी. खामगाव ही तेव्हा वऱ्हाडातली मोठी कापूसपेठ. फाटा लहानसा, तेराएक किलोमीटरचा. पण त्याचे रूळ मुख्य मार्गाच्याच मापाचे होते, 1676 मिलिमीटर, म्हणजे ब्रॉडगेज. त्यामुळे खामगावात वॅगनमध्ये चढलेली गाठ मुंबईपर्यंत मध्ये कुठे उतरवावी लागत नव्हती.

आता इथून पूर्वेला मूर्तिजापूरला चला. तिथून यवतमाळ आणि अचलपूरकडे पुढे जी छोटी गाडी सुरू झाली, आपली शकुंतला, तिचं माप 762 मिलिमीटर. गाडी उत्तम, रूळ पक्के, इंजिनही चालायचं. मुख्य मार्गही उत्तम. पण मूर्तिजापूरला दोन मापं समोरासमोर आली की माल उतरवा, हमाल लावा, दुसऱ्या गाडीत भरा. दोन्ही गाड्यांत काहीच बिघाड नाही. अडचण होती ती दोघींच्या मधल्या फलाटावर.

माझा आजचा विषय तो फलाट आहे. सॉफ्टवेअर लिहिणारी माणसं गेली सत्तर-पंचाहत्तर वर्षं त्या फलाटावर पुन्हा पुन्हा अडखळली आणि दर वेळी थोडं शिकली. पण तो धडा नव्या मुलांना आपण अजूनही सगळ्यात शेवटी देतो. तो पहिल्या आठवड्यात द्यायला हवा, एवढंच मला आज सांगायचं आहे. इतिहास काय सांगतो ते बघू.

जिन्यावरचा साक्षात्कार

1949 साल. इंग्लंडमध्ये केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एडसॅक नावाचा कॉम्प्युटर चालू केला. यंत्र चाललं, आणि आता उदाहरणं सोडवायची म्हणून विल्क्स स्वतः प्रोग्राम लिहायला बसले. पुढे त्यांनी आठवणींत लिहिलंय, की कागदी फीत पंच करायच्या खोलीकडे जाताना जिन्यात त्यांच्या लक्षात आलं, उरलेल्या आयुष्याचा मोठा भाग आता आपल्याच प्रोग्राममधल्या चुका शोधण्यात जाणार आहे.

मग त्यांनी काय केलं? एकदा नीट लिहून तपासलेला तुकडा पुन्हा लिहायचाच नाही, असं ठरवलं. वर्गमूळ काढायचा एक तुकडा, आकडे छापायचा एक तुकडा. असे तुकडे फितीवर कपाटात ठेवायचे आणि लागतील तसे जोडायचे. यांना सबरूटीन म्हणतात. डेव्हिड व्हीलर या तरुण सहकाऱ्याचा त्यात मोठा वाटा. 1951 मध्ये विल्क्स, व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांनी यावर पुस्तक काढलं. प्रोग्रामिंग शिकवणारं ते पहिलं पुस्तक मानलं जातं. म्हणजे बघा, प्रोग्रामिंगच्या शिक्षणाची सुरुवातच सुटे भाग आणि त्यांची जोडणी इथून झाली.

प्रत्येक तुकड्यासोबत एक टिपण असायचं. त्याला आकडा कुठे ठेवून द्यायचा, उत्तर कुठे मिळेल, किती जागा लागेल. आपण आज ज्याला इंटरफेस म्हणतो, तो हाच. रुळाचं माप लिहून ठेवलेला कागद.

मुंबईतलं छोटं पण पूर्ण यंत्र

याच दशकात मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काही तरुण मंडळी देशाचा स्वतःचा कॉम्प्युटर बांधायला बसली होती. प्रमुख होते आर. नरसिंहन. हाताशी अनुभवी माणूस जवळजवळ नाहीच. हे यंत्र 1960 मध्ये पूर्ण क्षमतेनं कामाला लागलं. 1962 मध्ये पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिलं. सुमारे 2700 व्हॅक्यूम ट्यूब, चाळीस बिटांचे शब्द, असा तो प्रचंड पसारा.

पण माझ्या विषयासाठी महत्त्वाचं आहे ते त्याआधीचं पाऊल. त्यांनी थेट मोठं यंत्र उभारायला घेतलं नाही. 1956 पर्यंत एक छोटं प्रायोगिक यंत्र तयार केलं. गणित करणारा भाग, स्मृती, नियंत्रण, सगळं लहान प्रमाणात, पण जोडलेलं आणि चालणारं. आपली रचना एकत्र चालते का, हे आधी त्या छोट्या यंत्रावर बघितलं आणि मग मोठ्याला हात घातला.

घर बांधताना एक खोली पूर्ण सजवून मग दुसऱ्या खोलीचा पाया खणतात का? नाही. आधी पूर्ण घराचा सांगाडा उभा राहतो. आज सॉफ्टवेअरमध्ये नव्या टीमला हेच सांगतात, की पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक अगदी साधा व्यवहार या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवून दाखवा. स्क्रीन ओबडधोबड असू द्या. टिफ्रॅकच्या मंडळींनी हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं. अनुभव नसल्यामुळे आलेली सावधगिरी होती ती. नवशिक्यांना ही सावधगिरी शोभते, आणि जुन्यांनाही.

हजार माणसं आणि अर्धा वेळ

साठच्या दशकात कामं मोठी झाली. आयबीएमनं 1964 मध्ये सिस्टिम/360 ही यंत्रांची मालिका जाहीर केली. तिच्यासाठी लागणाऱ्या ओएस/360 या सॉफ्टवेअरवर ऐन भरात हजारावर माणसं होती. काम लांबलं, खर्च वाढला. त्याचे प्रमुख होते फ्रेड ब्रुक्स. त्यांनी 1975 मध्ये या अनुभवावर पुस्तक लिहिलं. उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर आणखी माणसं टाकली तर आणखी उशीर होतो, हा त्यांचा नियम तुम्ही ऐकला असेल.

पण त्या पुस्तकातला एक हिशेब कमी लोकांना आठवतो. ब्रुक्स वेळाची वाटणी अशी करतात: एक तृतीयांश आखणीला, एक षष्ठांश प्रत्यक्ष कोड लिहायला, एक चतुर्थांश सुट्या भागांच्या चाचणीला, आणि उरलेला एक चतुर्थांश सगळे भाग एकत्र आल्यावरच्या चाचणीला. म्हणजे निम्मा वेळ तपासण्यात, आणि लिहिण्यात फक्त सहावा हिस्सा! आता आपल्या अभ्यासक्रमाकडे बघा. लिहायला किती तास आणि जोडून तपासायला किती? शिक्षक मंडळी हसतायत. म्हणजे उत्तर मिळालं.

पार्नास यांचा वर्ग

1972 मध्ये डेव्हिड पार्नास यांनी एक छोटा प्रश्न विचारला. मोठ्या कामाचे भाग पाडायचे ते कशावरून? तोवरची रीत अशी, की कामाचे टप्पे पाडा. आधी वाचणारा भाग, मग फिरवणारा, मग क्रम लावणारा, मग छापणारा. पार्नास म्हणाले, असं केलंत तर माहिती साठवायची पद्धत बदलली की सगळेच भाग बदलावे लागतात. त्यापेक्षा उद्या जो निर्णय बदलू शकतो, तो एका भागाच्या पोटात लपवा. बाकीच्यांना तो कळताच कामा नये. बाहेर दिसायला हवं ते फक्त ठरलेलं दार.

हे बहुतेक पुस्तकांत सापडतं. पण पार्नास यांनी त्याच वर्षी आणखी एक लेख लिहिला होता, तो शिकवण्याबद्दलचा होता. आपल्या पदवीच्या वर्गाला त्यांनी एकाच प्रणालीचे वेगवेगळे भाग वाटून दिले. एकच भाग अनेकांना. प्रत्येकाच्या हातात फक्त लेखी तपशील, की या भागानं बाहेर काय द्यायचं आणि काय घ्यायचं. दुसऱ्याच्या पोटात काय आहे ते माहीत नाही. आणि शेवटी वेगवेगळ्या मुलांनी केलेले भाग अदलाबदल करून जोडले. याचा पहिला भाग, तिचा दुसरा, त्याचा तिसरा. पुन्हा उलटसुलट.

हा प्रयोग मला फार आवडतो, कारण तो आपल्या कुठल्याही कॉलेजात करता येतो. शेगावच्या कॉलेजात करा, बुलडाण्यात करा. एरवी प्रोजेक्टमध्ये चार मित्र एका खोलीत बसून काम करतात. जे लिहिलेलं नाही ते एकमेकांना तोंडी विचारतात, आणि त्यामुळे त्यांचं जुळतं. मैत्रीच्या जोरावर जुळतं, तपशिलाच्या नाही! अदलाबदल केली की काय लिहायचं राहिलं होतं, ते लगेच उघडं पडतं.

क्विंटल आणि किलो

इथे माझी स्वतःची फजिती सांगतो. नोकरीत नवा होतो. एका बाजार समितीचं काम होतं, कुठली ते सांगत नाही. काट्यावरची नोंद घेणारा भाग एका सहकाऱ्याचा, शेतकऱ्याच्या पट्टीचा हिशेब करणारा माझा. मी माझ्या भागाच्या टेस्ट लिहिल्या, सगळ्या पास. त्याच्याही पास. आम्ही दोघं खूश.

यार्डात पहिल्याच दिवशी साडेअठरा क्विंटल कापसाची पट्टी निघाली ती साडेअठरा किलोची. त्याच्याकडून आकडा येत होता क्विंटलमध्ये, आणि मी तो किलो समजून शंभरानं भागत होतो. म्हाताऱ्या मुनीमजींनी कागद हातात घेतला आणि नुसतं माझ्याकडे बघितलं. काम थांबलं. दिवाळी चार दिवसांवर होती. त्या रात्री गाड्या यार्डातच राहिल्या, माणसं गाड्यांखाली झोपली. पैसे दुसऱ्या दिवशी दुपारी मिळाले, तेही हातानं केलेल्या पट्ट्यांवर.

चूक एका ओळीची होती. पण माझ्या टेस्टनी ती का पकडली नाही? कारण टेस्टमधला आकडा मीच घातला होता, 1850 किलो असा. माझी जी समजूत होती, तीच मी तपासत होतो. समोरचा काय देतो ते मी बघितलंच नव्हतं.

नंतर वाचलं तेव्हा कळलं, आपण एकटे नाही. 23 सप्टेंबर 1999 रोजी अमेरिकेचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळाजवळ पोचून नाहीसं झालं. जमिनीवरचा एक प्रोग्राम यानाला मिळालेल्या धक्क्याचा आकडा पौंड-सेकंदांत देत होता, आणि घेणारा तो न्यूटन-सेकंद समजत होता. फरक सुमारे साडेचार पट. यान ठरल्यापेक्षा मंगळाच्या फार जवळून गेलं. क्विंटल आणि किलोचीच गोष्ट, फक्त फार महाग.

खोटा भाग आणि खरा भाग

दुसरी घटना 4 जून 1996 ची. युरोपचं एरियन 5 रॉकेट पहिल्याच उड्डाणात चाळीसएक सेकंदांत कोसळलं. दिशा सांगणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर आधीच्या एरियन 4 वरून घेतलेलं होतं. तिथे ते वर्षानुवर्षं नीट चाललं होतं. पण एरियन 5 चा मार्ग वेगळा, आडवा वेग जास्त. एक मोठा आकडा सोळा बिटांच्या छोट्या खणात मावेना. यंत्रणा बंद पडली. जोडीला राखीव यंत्रणा होती, तिच्यातही तेच सॉफ्टवेअर, म्हणून तीही बंद पडली.

चौकशी समितीच्या अहवालातली एक गोष्ट नव्या मुलांनी पाठ करावी अशी आहे. संपूर्ण प्रणालीच्या चाचण्या झाल्या होत्या. पण त्यांत या दिशादर्शक यंत्रणेच्या जागी तिची नक्कल करणारा प्रोग्राम बसवला होता. खरी यंत्रणा एरियन 5 च्या खऱ्या मार्गाच्या आकड्यांवर तपासलीच गेली नाही.

आपणही रोज नकली भाग वापरतो. त्याला स्टब म्हणा, मॉक म्हणा. बँकेच्या सर्व्हरऐवजी एक छोटा नकली सर्व्हर, जो नेहमी ‘पैसे मिळाले’ असं सांगतो. त्याच्याशिवाय काम होत नाही, हे खरं. पण तो आपणच लिहिलेला असतो, म्हणून तो आपलं म्हणणं कधी खोडत नाही. खरी बँक कधी उशिरा उत्तर देते, कधी दोनदा देते, कधी देतच नाही. म्हणून माझा नियम असा, की जिथे जिथे नकली भाग लावला, तिथे ठरलेल्या दिवशी खरा भाग लावून एकदा तीच चाचणी चालवायची. तो दिवस आणि करणाऱ्याचं नाव कागदावर असलं पाहिजे.

रोज जोडणे

यावर उपाय म्हणून नव्वदच्या दशकात एक साधी सवय रुजली. शेवटी एकदाच सगळं जोडायचं, याऐवजी रोज जोडायचं. मायक्रोसॉफ्टसारख्या ठिकाणी रोज संपूर्ण सॉफ्टवेअर नव्यानं बांधून बघत. 1997 मध्ये केंट बेक आणि एरिक गॅमा यांनी विमानप्रवासात जेयुनिट हे छोटं साधन लिहिलं, आणि आपल्या कोडसोबत चाचण्या लिहिणं सामान्य प्रोग्रामरच्या आवाक्यात आलं. दिवसातून अनेकदा जोडा, हे बेक यांच्या पद्धतीचं एक सूत्र होतं. मार्टिन फाउलर यांनी 2000 मध्ये यावर लेख लिहिला आणि ‘कंटिन्युअस इंटिग्रेशन’ हा शब्द घरोघरी गेला. म्हणजे आपल्यासारख्यांच्या घरोघरी.

यातलं शहाणपण शेतकऱ्याला सांगायला नको. दोन दिवसांआड वावरात फेरी मारली तर बोंडअळी चार झाडांवर दिसते. महिन्यानं गेलात तर पूर्ण वावरात. रोज जोडलं की बिघाड कालच्या कामातच असतो, शोधायला सोपा जातो. सहा महिन्यांनी जोडलं की सहा महिन्यांचं काम उकरावं लागतं.

2009 मध्ये माइक कोन यांनी चाचण्यांचा पिरॅमिड मांडला. तळाशी सुट्या भागांच्या भरपूर चाचण्या, मध्ये जोडणीच्या थोड्या, वर संपूर्ण व्यवहाराच्या मोजक्या. चित्र उपयोगी आहे. पण नवी मुलं तळालाच थांबतात. हिरव्या खुणा मोजत बसतात. मोजक्या म्हणजे शून्य नव्हे!

खामगावची चांदी, चंद्रावरचं यान

आता परत आपल्या गावाकडे. खामगाव म्हणजे रजतनगरी. चांद्रयान-3 साठी खामगावातून चांदीच्या नळ्या आणि थर्मल शील्डचं साहित्य गेल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी अभिमानानं वाचल्या. देशभरातल्या कारखान्यांतून असे भाग गेले. आणि प्रत्येक भाग चोख होता म्हणून यान उतरलं, असं आपण समजतो. ते अर्धंच खरं आहे.

सप्टेंबर 2019 मध्ये चांद्रयान-2 चं विक्रम लँडर शेवटच्या टप्प्यात कोसळलं. नंतर इस्रोनं सांगितलेली कारणं बघा. इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर दिला, चुका साठत गेल्या, यानाला वेगानं वळायची गरज पडली, पण वळण्याच्या वेगावर सॉफ्टवेअरची मर्यादा होती. उतरायची जागाही लहान होती, 500 मीटर बाय 500 मीटर. कुठलाही एक भाग मोडला असं झालं नाही. सगळे मिळून जुळेनासे झाले.

चांद्रयान-3 च्या वेळी इस्रोनं काय केलं? तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी सांगितलं, की काय बरोबर होईल यापेक्षा काय काय बिघडू शकतं यावरून रचना केली. उतरायची जागा 4 किलोमीटर बाय 2.4 किलोमीटर इतकी वाढवली. आणि जोडणीच्या खास चाचण्या घेतल्या. सेन्सर आणि दिशादर्शन एकत्र तपासायला ते हेलिकॉप्टरवर बसवून उडवले. इंजिन, सेन्सर आणि नियंत्रण एकत्र तपासायला उंच क्रेनला टांगून चालवले. लँडरचे पाय चंद्रासारख्या मातीवर आपटून बघितले. मग 23 ऑगस्ट 2023 ची संध्याकाळ आपण सगळ्यांनी बघितली.

पहिल्या आठवड्यात काय शिकवावं

तर मग शिक्षकांना आणि टीम सांभाळणाऱ्यांना माझं सांगणं थोडक्यात.

नवा मुलगा किंवा मुलगी आली की पहिल्या दिवशी तिला एक मॉड्यूल देऊन कोपऱ्यात बसवू नका. आधी पूर्ण प्रणाली तिच्या मशीनवर चालवून द्या आणि एक व्यवहार सुरुवातीपासून शेवटपर्यंत तिच्याकडून तपासून घ्या. गावाकडचं उदाहरण घ्या. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदलं जातं, तिथून माहिती ई-फेरफारमध्ये तलाठ्याकडे जाते, नोटीस निघते, मंडळ अधिकारी मंजूर करतात, मग सात-बारा बदलतो. एवढा प्रवास समजल्यावर मधला एक तुकडा लिहायला द्या. गट नंबर एकीकडे आकडा म्हणून ठेवला आणि दुसरीकडे ‘45/2अ’ असा मजकूर म्हणून, तर काय होईल, हे मग तिला सांगावं लागत नाही.

दुसरं, प्रत्येक दारावर पाच प्रश्न लिहून उत्तर घ्या. माप कोणतं? मोठ्यात मोठा आकडा किती? रिकामं आलं तर काय? तेच दोनदा आलं तर काय? मजकूर युनिकोडमध्ये आहे की जुन्या फाँटमध्ये? शेवटचा प्रश्न मराठीत काम करणाऱ्यांनी विसरू नये. जुन्या फाँटमधलं नाव युनिकोडवाल्या भागात गेलं की ते कुणालाच वाचता येत नाही.

तिसरं, समोरच्या भागाचा खरा आकडा मागून घ्या आणि तो आपल्या टेस्टमध्ये घाला. मी तेवढं केलं असतं तर यार्डात कुणाला झोपावं लागलं नसतं.

चौथं, सेमिस्टरमध्ये एकदा तरी पार्नास यांच्यासारखी अदलाबदल करा. त्या दिवशी भांडणं होतील. होऊ द्या. ती वर्गात झालेली बरी.

आणि शेवटचं. गुण देताना ‘माझा भाग चालतो’ याला गुण कमी ठेवा. ‘आमचं चालतं’ याला जास्त. सवय गुणांनीच लागते, हे शिक्षकांना मी काय सांगावं.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा. मागच्या रांगेतल्या ज्येष्ठांनीही विचारा, कारण मूर्तिजापूरच्या फलाटावर माल उतरताना तुमच्यापैकी कुणीतरी नक्की बघितला असेल.